गालाला लावून बघायचं फडकं

बादलीतून फडकं काढायचं, पिळायचं, झटकायचं, पुन्हा पिळायचं आणि मग गालाला लावायचं. गाल गार वाटला पाहिजे, पण फडकं उचलल्यावर गालावर ओल राहता कामा नये. ओल राहिली तर आणखी एक पीळ. गार वाटलंच नाही तर फडकं फार कोरडं झालं, पुन्हा बादलीत. एवढं सगळं झाल्यावर मगच ते गाडीच्या सीटला लागायचं.

हे माप तिचं स्वतःचं होतं. सासऱ्यांनी शिकवलेल्या शंभर गोष्टींत ते नव्हतं. सासरे, ज्यांना घरीदारी सगळे अण्णा म्हणत, फडक्याची ओल नुसत्या बोटांनी ओळखायचे. चिमटीत धरलं की काम झालं. तिला ते कधी जमलं नाही. माहेरी आठ जणांची भांडी आणि सासरी चार जणांची, अशी घासून घासून तिच्या बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते. त्या बोटांना गरम तवा कळायचा, फडक्यातला थेंबभर फरक कळायचा नाही. म्हणून एके दिवशी तिनं फडकं गालाला लावून पाहिलं. अण्णांनी ते बघितलं आणि हातातला ब्रश खाली ठेवून ते पोटभर हसले. सीट पुसायला आलीस की तोंड पुसायला, असं त्यांनी विचारलं, आणि त्या दिवसापासून तिचं नाव गालवाली पडलं. गिऱ्हाइकांना ते बिनदिक्कत सांगायचे, की तुमची गाडी आज आमची गालवाली करील. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाईंचे गाल जरा भरलेले आहेत म्हणून. होतेही. अकरा वर्षांत तिनं कोणाचा गैरसमज दूर केला नाही.

घर मागे आणि पुढे पत्र्याची शेड. शेडमध्ये एक गाडी ऐसपैस मावायची आणि दुसरी, चालवणाऱ्यानं पोट आत घेतलं तर. अण्णांनी इथे तीस वर्षं सीटा शिवल्या. चामडं कापायचं, शिवायचं, आत भरण भरायचं. पुढे गाड्या कारखान्यातूनच शिवलेल्या सीटा घेऊन यायला लागल्या, तेव्हा शिवणकाम आटलं आणि सीटा स्वच्छ करण्याचं, त्या राखण्याचं काम वाढलं. पाटीवर त्यांनी लिहून घेतलं, ‘लेदर सीट – सफाई व निगा’. पाटी रंगवणारा म्हणाला, एक शब्द कमी करा, अक्षरं मोठी येतील. अण्णा म्हणाले, अक्षरं बारीक काढ पण निगा राहू दे. सफाई कोणीही करतं.

एकुलत्या एका मुलाला चामड्याच्या वासानं शिंका यायच्या. एक नाही, सलग नऊ. तो लिफ्ट दुरुस्त करायला लागला. बाप जन्मभर गाडीत खाली वाकलेला आणि मुलगा सदा वर जातोय, असं सासूबाई म्हणायच्या. तर लेक शाळेत जायला लागली आणि दहा ते चार रिकामे मिळाले, तेव्हा सून आपणहून शेडमध्ये आली. निदान झाडून देते, म्हणाली.

झाडता झाडता तिनं पहिल्याच आठवड्यात एक सीट बिघडवली. कोणा वकिलाची गाडी होती, साईच्या रंगाची सीट, बसून बसून काळवंडलेली. अण्णा सामान आणायला गेले होते. तिनं ओटा घासावा तशी ती सीट घासली, भांड्यांचा साबण आणि हिरवी घासणी घेऊन. सीट लख्ख झाली. अण्णा आले तेव्हा ती शाबासकीची वाट बघत उभी होती. त्यांनी आतून टॉर्च आणला, सीटवर तिरका धरला. त्या तिरक्या उजेडात सगळ्या सीटवर केसाएवढे बारीक ओरखडे दिसले, हजारभर तरी असतील. वरचा रंगाचा पापुद्रा घासणीनं खरवडून काढला होता आणि लख्ख दिसत होतं ते खालचं उघडं चामडं होतं.

“भांडं नाही हे,” अण्णा म्हणाले. “कोणाची तरी पाठ आहे असं समज. आजारी माणसाची.”

एवढंच. संध्याकाळी वकील आला तेव्हा त्यांनी त्याला सरळ सांगितलं, की आमच्या हातून तुमची सीट बिघडली आहे, चार दिवस द्या. आमच्या हातून, असं म्हणाले. सुनेचं नाव घेतलं नाही, तिच्याकडे बघितलंही नाही. चार दिवस बसून त्यांनी सीटला नवा रंग चढवला आणि घरात सासूबाईंना याचा पत्ता लागू दिला नाही. तिनं एकदा विचारलं, की वकिलाच्या तर काही लक्षात आलं नसतं, मग सांगितलं कशाला? अण्णा म्हणाले, त्याच्या लक्षात आलं नसतं, माझ्या तर राहिलं असतं ना?

मग शिकवणी सुरू झाली. आधी व्हॅक्युम, तोही मऊ ब्रशाचं तोंड लावून, कारण शिवणीत अडकलेला वाळूचा एक कण पुसताना चाकूचं काम करतो. मग कोपऱ्यात, कोणाला दिसणार नाही अशा जागी, पाण्याचा एक थेंब. थेंब वर मण्यासारखा उभा राहिला तर सीटवर पापुद्रा शाबूत आहे. जिरला आणि डाग गडद झाला तर ते उघडं चामडं, त्याला जपून. साबण सौम्य, लेदरसाठी केलेला, आणि तो सीटवर ओतायचा नाही, ब्रशावर घ्यायचा, फेस करायचा. ब्रश असा फिरवायचा, की झोपलेलं मूल जागं होऊ नये. भोकाभोकांच्या सीटवर तर फेससुद्धा फडक्यावर घ्यायचा, कारण भोकातून आत गेलेलं पाणी बाहेर यायची वाट शोधत बसतं. फडकं पांढरंच हवं, जुन्या बनियनचं, म्हणजे काय निघतंय ते कळतं. काळपट निघालं तर मळ. सीटच्या रंगाचं निघालं तर थांब, तू आता सीटच पुसून काढते आहेस. वाळवायचं सावलीत. उन्हात नाही, केस वाळवायच्या यंत्रानं तर नाहीच नाही. शेवटी क्रीम, नखावर मावेल एवढं, आणि जास्तीचं पुसून घ्यायचं. लोक घरी काय काय लावतात त्याची अण्णांकडे यादीच होती. खोबरेल, लिंबू, काच पुसायचं औषध, डाग घालवायचा तो पांढरा जादूचा स्पंज, आणि एका बाईंनी तर स्वतःची चेहऱ्याची क्रीम. त्यातल्या त्यात चेहऱ्याच्या क्रीमवाल्या बाईंची नियत चांगली होती, असं ते म्हणायचे.

ती शिकली. तिच्या लेकीची शाळा संपून कॉलेज सुरू झालं आणि गिऱ्हाइकं आधी फोनवर विचारू लागली, की बाई आहेत ना.

अण्णांना साखरेचा आजार होऊन नऊ वर्षं झाली होती. गोळ्या सासूबाई मोजून द्यायच्या, त्यामुळे चुकत नव्हत्या. पण गेल्या वर्षी एका दुपारी तिनं चहा आणून दिला. काचेचा पेला इतका गरम होता, की तिनं तो पदराच्या टोकात धरून आणला होता. अण्णांनी तो उघड्या हातात घेतला आणि तसाच धरून बोलत बसले. बोटांचे शेंडे लाल झाले तरी त्यांनी पेला खाली ठेवला नाही. तिनंच काढून घेतला. मग तिला एकेक दिसायला लागलं. शर्टाचं वरचं बटण दोन दोन मिनिटं लागायचं नाही. सुईत दोरा ओवला जायचा, पण सुई बोटातून कधी पडली ते त्यांना कळायचं नाही, ते रिकामी चिमूट धरून बसायचे. आणि फडकं चिमटीत धरून जिथे पूर्वी क्षणात मान हलायची, तिथे आता ते थोडं थांबायचे, आठवल्यासारखे.

बोटांना कळेनासं झालं, की माणूस नकळत जोर वाढवतो. एका बँकवाल्याच्या सीटवर तिला नखाएवढा निस्तेज डाग सापडला. तिनं गुपचूप दुरुस्त केला.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, बस झालं म्हणावं आता, घरी बसा. तो असं लिफ्टबद्दलही म्हणायचा, दोर झिजला की बदला. सासूबाईंना अर्धवट सांगितलं, की अण्णांचे हात थकलेत. त्या म्हणाल्या, ह्यांना घरात बसवलंत तर मी शेडमध्ये राहायला जाईन. मग तिनं आपल्या परीनं बंदोबस्त केला. रेक्झिनच्या सीटा, जाड पापुद्र्याच्या दांडग्या सीटा अण्णांकडे. नाजूक असेल ते आपल्याकडे. ही गाडी तुम्ही घ्या अण्णा, माझी कंबर दुखतेय, असं म्हणायचं. कंबर खरोखर दुखायची, त्यामुळे खोटंही बोलावं लागलं नाही. भीती सीटची नव्हती. सीटला पुन्हा रंग देता येतो. भीती ही होती, की एक दिवस अण्णांच्या हातून सीट बिघडेल, ते त्यांना दिसेल, आणि त्या दिवशी ते दोन्ही हात मांडीवर ठेवून जे बसतील ते उठणार नाहीत. तिच्या वडिलांचं तसंच झालं होतं. नोकरी सुटली आणि सहा महिन्यांत माणूस खुर्चीच्या आकाराचा झाला.

असं वर्ष निभावलं. फक्त एका गाडीपुढे तिचा बंदोबस्त चालत नव्हता, ती दातांच्या डॉक्टरीणबाईंची.

ती गाडी जुनी होती आणि तिच्या सीटा अण्णांनी स्वतः शिवल्या होत्या, अठरा वर्षांपूर्वी. गुळाच्या रंगाचं मऊ चामडं, वर रंगाचा अगदी तलम पापुद्रा, कारण जाड पापुद्र्यानं चामड्याचा स्पर्श मरतो असं अण्णांचं मत. दर तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाई सकाळी गाडी सोडून चालत दवाखान्यात जायच्या आणि संध्याकाळी न्यायच्या. त्या गाडीला अण्णांशिवाय कोणी हात लावायचा नाही. कोणी तसं ठरवलं नव्हतं, पण ते होतं. बाकीच्या गाड्या धंद्याच्या होत्या आणि ही त्यांची.

त्या दिवशी बाई गाडी सोडून गेल्या. अण्णांनी नेहमीसारखं दार उघडलं आणि आधी नुसता हात फिरवला. तिनं पाहिलं, ते तळहात फिरवत होते, बोटं नाही. मी घेऊ का आज, असं ती म्हणाली, उगीच बसले आहे. अण्णा म्हणाले, तू ती दुसरी घे, तिच्या मागच्या सीटवर कोणाच्या तरी लहान मुलानं दूध सांडलंय, वासावरून चार दिवसांचं. दुधाला तुझ्यासारखं धीराचं माणूस लागतं.

ती दुसऱ्या गाडीत शिरली. काचेतून अण्णांचे खांदे दिसत होते. ब्रश ठीक चालला होता. मग घरातून सासूबाईंनी हाक मारली, कुकरची शिट्टी होत नव्हती आणि वाफ भलतीकडून येत होती. कुकरची रबरी रिंग बदलून, भात पुन्हा चढवून ती परत आली, तेव्हा अर्धा तास झाला असेल. अण्णा शेडमध्ये नव्हते. बाहेरच्या नळावर हात धूत होते. जरा आडवा होतो, म्हणाले. अकरा वाजता ते कधी आडवे होत नसत.

ती गाडीपाशी गेली. चालवणाऱ्याच्या सीटचा दाराकडचा फुगवटा, जिथे माणूस चढताना उतरताना घासतो, तिथला गुळाचा रंग तळहाताएवढा उडाला होता. खाली चामडं फिकट, ओलं, सोललेल्या गुडघ्यासारखं दिसत होतं. तिथे अठरा वर्षांची झीज आधीच होती आणि डॉक्टरीणबाईंच्या जीन्सचा निळा डाग त्यावर बसला होता. तो डाग काढण्यासाठी हात जोरात फिरला होता, एकदा नाही, पुष्कळ वेळा.

ती तशीच घरात गेली. सासूबाई भाजी निवडत होत्या. तिनं हळू आवाजात सगळं सांगितलं, या वेळी अर्धवट नाही. सासूबाईंनी हातातली काडी खाली ठेवली.

“किती वेळ लागेल तुला?”

“दोन तास. जास्तच. रंगाचा प्रत्येक हात वाळू द्यावा लागतो.”

“जा तू,” सासूबाई म्हणाल्या. “मी बघते ह्यांच्याकडे.”

आता या सासूबाई म्हणजे चाळीस वर्षांत नवऱ्याशी कामाशिवाय न बोललेली बाई. बोलायला काय आहे, रोज तर दिसतात, असं त्यांचं म्हणणं. त्या आतल्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, अहो, माझा चष्मा सापडत नाहीये. अण्णा उठले आणि शोधायला लागले. चष्मा सासूबाईंनी पिठाच्या डब्यात घातला होता. ही गोष्ट त्यांनी नंतर सुनेला सांगितली, आणि पीठ चाळून घे हेही.

शेडमध्ये तिनं फुगवटा आधी वाळू दिला. पुठ्ठ्यानं वारा घालत बसली, सावलीत, घाई न करता, घाई असूनही. मग कडा अगदी बारीक पॉलिश पेपरनं, फुंकरीएवढ्या जोरानं सारख्या केल्या. रंगाच्या बाटल्या काढल्या. तपकिरी, पिवळा, चिमूटभर लाल, आणि मग काळ्याचा एक टिपका, कारण अठरा वर्षांच्या गुळाला थोडी काळोखी येते. ओला रंग एक दिसतो, वाळला की दुसराच होतो. म्हणून पहिला ठिपका सीटच्या खालच्या बाजूला लावून वाट बघायची. तो पिवळा निघाला. दुसरा तांबडा निघाला. तिसरा लावला आणि वाळल्यावर तो कुठे लावला ते तिलाच शोधावं लागलं. मग स्पंजच्या तुकड्यानं टेकवत टेकवत, पुसायचं नाही, नुसतं टेकवायचं, एक पातळ हात. वाळवण. दुसरा हात. घरातून सासूबाईंचा आवाज येत होता. त्या अण्णांना विचारत होत्या, की आपल्या लग्नात तुमच्या मामांनी नेमकं काय म्हटलं होतं. अण्णांचं उत्तर लांबलचक होतं. मध्येच दोघं हसले. ती स्पंज हातात धरून क्षणभर ऐकत राहिली. त्या घरातून असा आवाज तिनं यापूर्वी ऐकलेला आठवत नव्हता.

पाचवा हात वाळला, वरचा पापुद्रा चढवला. तोही वाळल्यावर क्रीम हवं होतं. तिच्या डब्यातलं संपलं होतं, म्हणून तिनं अण्णांचा पत्र्याचा डबा उघडला. वर ब्रश, सुया, क्रीमची बाटली. बाटलीखाली एक पांढरं फडकं होतं, चौपदरी घडी घातलेलं. कामाचं फडकं अण्णा डब्यात कधी ठेवत नसत, दोरीवर टाकत. तिनं घडी उघडली. आतल्या बाजूला गुळाचा रंग होता. मळ नाही. रंग.

म्हणजे त्यांना दिसलं होतं. ते थांबले होते, आणि फडकं रंगाची बाजू आत करून घडी घालून, डब्याच्या तळाशी ठेवून, हात धुवायला गेले होते. आडवे झाले होते ते झोपायला नाही.

तिनं फडकं होतं तसं घडी घालून ठेवलं. नखावर मावेल एवढं क्रीम घेतलं आणि फुगवट्यावर पसरलं. तिला दिसत नव्हतं नीट, म्हणून पदरानं डोळे पुसून पुन्हा पसरलं. मग उरलेल्या सीटा तिनं पुऱ्या केल्या. जेवताना अण्णा नेहमीएवढं जेवले. गाडीबद्दल कोणी बोललं नाही. दूध सांडलेल्या गाडीबद्दल मात्र तिघंही खूप बोलले.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. अण्णा आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून बाहेर आले. वरचं बटण लागलेलं होतं, म्हणजे सासूबाईंनी लावलं होतं. बाई सीटवर बसल्या, हात फिरवला, नेहमीसारखंच छान, असं काहीतरी म्हणाल्या आणि पर्स उघडायला लागल्या. सून दाराशी उभी होती. एवढं झालं की बाई जातील, दार बंद होईल आणि तीन महिने मिळतील, असा हिशेब तिच्या डोक्यात चालला होता.

“बाई, जरा उतरता?” अण्णा म्हणाले. “इथे बघा. ही जागा आज माझ्या हातून सोलली गेली.”

बाई उतरल्या. चष्मा वर करून त्यांनी फुगवटा बघितला, मग अण्णांकडे बघितलं, मग पुन्हा फुगवटा. त्यांना काही दिसलं नाही. त्यांनी तसं सांगितलं.

“दिसणार नाही. आमच्या सुनेनं बुजवलंय. दोन तास बसली होती.” अण्णांनी घराच्या दाराकडे मान वळवली. “मला काही दिसू नये म्हणून आमच्या मंडळी चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी गप्पा मारत होत्या. तेव्हाच मला कळलं, काम चांगलं चाललंय.”

घरातून भांडं पडल्याचा आवाज आला. सासूबाई दाराआड उभ्या होत्या.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पर्स बंद केली, अण्णांचा उजवा हात धरला आणि बोटांची टोकं एकेक करून दाबली. हे कळतं का? हे? डोळे मिटा, आता कोणतं बोट धरलंय? अण्णांनी तीनदा चुकीचं सांगितलं. चौथ्यांदा बरोबर आलं, पण अंदाजानं, हे सगळ्यांनाच समजलं.

“मी दिवसभर माणसांना बधिर करायचे पैसे घेते,” बाई म्हणाल्या, “आणि तुम्ही फुकटात होऊन बसलात. किती दिवस झाले?”

“वर्ष झालं असेल.”

“सव्वा वर्ष,” ती दाराशी उभी राहून म्हणाली.

अण्णांनी वळून तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं होतं ते रागावतील, नाहीतर ओशाळतील. ते म्हणाले, “म्हणजे तुझी कंबर दुखत नव्हती.”

“दुखत होती. ती वेगळी.”

बाईंनी एका डॉक्टरांचं नाव कागदावर लिहून दिलं. नसा पूर्ववत होतील असं कोणी सांगू शकत नाही, पण आहे ते राखता येईल, म्हणून लवकर जा, असं बजावलं. गरम भांडी हातात घ्यायची नाहीत, रोज हात-पाय तपासायचे, कुठे भाजलं कापलं ते डोळ्यांनी बघायचं, कारण हात आता सांगणार नाहीत. सासूबाई दाराआडून बाहेर आल्या होत्या आणि एकेका सूचनेला मान डोलावत होत्या. जाताना बाईंनी गाडी सुरू केली, काच खाली केली आणि अण्णांना म्हणाल्या, की तीन महिन्यांनी येते. कोणाकडे, ते त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेडमध्ये आली तेव्हा अण्णा स्टुलावर बसले होते. दोन्ही हात मांडीवर ठेवून.

कोणा मास्तरांची गाडी लावलेली होती, काळी सीट, तिनं दार उघडलं, व्हॅक्युम केलं, कोपऱ्यात पाण्याचा थेंब टाकला. थेंब उभा राहिला. अण्णा बघत होते. ब्रशावर फेस घेऊन तिनं पाठ पुरी केली. मग बादलीत पांढरं फडकं बुडवलं, पिळलं, झटकलं, पुन्हा पिळलं आणि सवयीनं गालाशी नेलं. तिथेच तिचा हात थांबला. तिनं ते फडकं अण्णांपुढे धरलं.

“बघा बरं.”

अण्णांनी ते चिमटीत धरलं. नेहमीच्या जागी, अंगठा आणि पहिलं बोट. धरून ठेवलं. त्यांचं कपाळ आक्रसलं. त्या बोटांत काही येत नव्हतं, ना गार ना ओलं, हे तिला त्यांच्या तोंडावर दिसत होतं आणि तिनं नजर वळवली नाही. शेजारच्या घरात कोणीतरी गालिचा झटकत होतं, त्याचे सात-आठ फटके झाले. मग अण्णांनी फडकं तळहातावर घेतलं आणि तिच्याकडे न बघता, हळूच, गालाला लावलं.

दाढी नुकतीच केलेली होती. त्यांनी डोळे मिटले.

“ओलं आहे,” ते म्हणाले. “आणखी एक पीळ दे.”

तिनं पीळ दिला. फडक्यातून दोन थेंब पडले, तिच्या हिशेबानं जे पडायला नको होते. तिचा गाल चुकला असता. अण्णांनी पुन्हा लावून बघितलं, मान हलवली आणि फडकं तिच्या हातात दिलं.

“आता पूस. हलक्या हातानं.”

तिनं पुसायला घेतलं. अण्णांनी स्टूल गाडीच्या दाराजवळ ओढलं, टॉर्च घेतला आणि सीटवर तिरका धरला, म्हणजे कुठे काही राहिलं तर दिसावं. टॉर्च धरायला बोटांत जीव लागत नाही. शिवणीपाशी बघ, तिथे फेस राहिलाय, असं ते म्हणाले. राहिला होता.

सासूबाई चहा घेऊन आल्या. अण्णांचा पेला आता दांड्याचा, जाड मातीचा होता, आणि त्यात चहा कोमट होता. दुसरं फडकं गालाला लावून बसलेल्या नवऱ्याकडे त्यांनी बघितलं, सुनेकडे बघितलं.

“आधी एकटीच तोंड पुसत होती, आता दोघं,” त्या म्हणाल्या आणि पेला स्टुलाशेजारी, त्यांच्या डाव्या हाताला, नीट दिसेल असा ठेवला.